चेहरा उशिरा रुसतो तेव्हा

आजचा विषय जरा आडबाजूचा आहे, पण ज्याच्यावर ही वेळ येते त्याला त्या आठवड्यात दुसरं काही सुचत नाही.

कानाच्या नसेवर एक गाठ होते. तिला अकॉस्टिक न्यूरोमा म्हणतात, नवे डॉक्टर व्हेस्टिब्युलर श्वानोमा म्हणतात. ती कॅन्सरची नसते, सावकाश वाढते, लाखात एखाद्याला वर्षाकाठी सापडते. ती काढायची शस्त्रक्रिया होते. शुद्धीवर आल्यावर डॉक्टर सांगतात, डोळे घट्ट मिटा, दात दाखवा, कपाळाला आठ्या घाला. सगळं जमतं. सर्जन खूश, घरचे खूश. आणि मग पाच, सात, कधी दहा-बारा दिवसांनी, टाके निघायच्या सुमारास, चेहऱ्याची तीच बाजू ढिली पडायला लागते. माणूस हादरतो. शस्त्रक्रियेनंतर लगेच चेहरा गेला असता तर मन तयार तरी होतं, सही करतानाच डॉक्टरांनी तसं सांगितलेलं असतं. पण आलेली लढाई जिंकून परतताना वाटेत घात व्हावा, तसं हे वाटतं.

मी डॉक्टर नाही. तोफखान्यात नोकरी केलेला माणूस आहे. माझी डाव्या बाजूची गाठ यंदाच्या मार्चमध्ये काढली आणि नवव्या दिवशी माझा चेहरा गेला. तेव्हा जे शिकलो, डॉक्टरांना विचारून विचारून जे समजून घेतलं, ते सांगतो. औषधाचा निर्णय तुमचा डॉक्टरच करेल.

एक गोष्ट जाता जाता. तोफखान्यातल्या माणसाला ऐकू कमी यायला लागलं की सगळे तोफेकडेच बोट दाखवतात. पण तोफेचा आवाज साधारण दोन्ही कानांना मारतो. एकच कान फार मागे पडला, त्यातच सतत शिटी वाजल्यासारखा आवाज येत असेल, फोनवर त्या कानाने शब्द कळत नसतील, तर एमआरआय करून घ्यावा. फौजी मंडळी हे ऐकत असतील तर लक्षात ठेवा.

आता नकाशा समजून घेऊ. मेंदूतून निघालेल्या आठव्या नसेला ऐकण्याचं आणि तोल सांभाळण्याचं काम असतं. सातवी नस चेहरा हलवते. या दोघी कवटीच्या हाडातल्या एकाच बोळातून शेजारी शेजारी जातात. हा बोळ जेमतेम सेंटिमीटरभर लांबीचा. गाठ आठवीवर होते, पण ती फुगताना सातवीला दाबते, पसरवते, रिबिनीसारखी चपटी करते. सर्जन तासन् तास सूक्ष्मदर्शकाखाली बसून गाठ आणि सातवी वेगळी करतात. पुढे ही सातवी एकटीच हाडातल्या बोगद्यातून सुमारे तीन सेंटिमीटर प्रवास करून कानामागून चेहऱ्यावर येते. हाडातून इतका लांब प्रवास दुसरी कुठलीच नस करत नाही. आणि या बोगद्याचं तोंडच सगळ्यात अरुंद आहे, एक मिलिमीटरसुद्धा नाही.

उशिरा येणाऱ्या कमजोरीचं रहस्य बहुधा या अरुंद तोंडात आहे. हाताळलेली नस काही दिवसांनी सुजते. मोकळ्या जागेत सुजली असती तर बिघडलं नसतं. इथे हाड सरकत नाही, मग नस स्वतःच आवळली जाते. दुसरं कारण विषाणूंचं. लहानपणी कांजण्या येऊन गेल्या, ओठांवर कधी पुळ्या उठल्या, तर ते विषाणू शरीरातून जात नाहीत, नसांच्या गाठींत झोपून राहतात. शस्त्रक्रियेच्या धक्क्याने ते जागे होतात असं अनेक डॉक्टर मानतात. कानात किंवा तोंडात पुरळ दिसलं तर हा संशय पक्का होतो.

किती जणांना होतं? रुग्णालयागणिक आकडा वेगळा आहे, कारण "उशिरा" कशाला म्हणायचं हेच सगळे सारखं ठरवत नाहीत. शंभरात पाचापासून पंचवीस-तीसपर्यंत आकडे दिले जातात. बहुतेकांना पहिल्या दोन आठवड्यांत, क्वचित कुणाला महिन्याभराने.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे मला माझ्या सर्जनने कागदावर रेघ ओढून समजावलं. शस्त्रक्रियेनंतर चेहरा हलत होता, याचा अर्थ नस अखंड आहे. तुटलेली तार पहिले आठ दिवस दिवा लावून नवव्या दिवशी विझत नाही. तेव्हा ही नस तुटलेली नाही, गुदमरलेली आहे. म्हणूनच उशिरा आलेली कमजोरी बहुसंख्य लोकांत आठवड्यांत किंवा काही महिन्यांत पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण भरून येते. नसेतून नुसता संदेश अडला असेल तर काही आठवडे लागतात. आतले तंतूच सुकले असतील तर ते पुन्हा वाढत यावे लागतात, आणि त्यांची चाल दिवसाला साधारण एक मिलिमीटर. फौजेत आम्ही मंद चालीला खूप नावं ठेवायचो, पण एवढी मंद चाल मी पाहिली नव्हती.

माझं असं झालं. नवव्या दिवशी सकाळी चूळ भरली तर पाणी डाव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर आलं. बायको म्हणाली, "अहो, दाढी करताना एकाच बाजूने साबण काय लावलाय?" साबण दोन्ही बाजूंना होता, एक गाल खाली आला होता. दुपारपर्यंत डोळा अर्धा उघडा राहायला लागला. शेजारच्या बौदी धावत आल्या आणि त्यांनी एकच शब्द उच्चारला, स्ट्रोक.

इथे थोडं थांबू या. स्ट्रोकमध्ये साधारणतः कपाळ वाचतं, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. सातवी नसच अडली तर कपाळावरच्या आठ्याही पुसल्या जातात. पण हे ज्ञान डॉक्टरांसाठी. ताजी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने आरशापुढे उभं राहून स्वतःचं निदान करू नये. त्याच दिवशी सर्जनला फोन करावा. हात किंवा पाय लुळा पडला, शब्द जुळेनात, गुंगी आली, ताप येऊन मान आखडली, डोकं असह्य दुखू लागलं, किंवा खाली वाकल्यावर नाकातून पाण्यासारखा पातळ द्रव गळाला, तर फोनचीही वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठावी.

बहुतेक सर्जन स्टेरॉइडच्या गोळ्यांचा छोटा कोर्स देतात, काही जण जोडीला विषाणूविरोधी औषध देतात. घरात उरलेल्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. स्टेरॉइडने साखर उसळते, आणि आमच्या वयाच्या दहा जणांत मधुमेह नसलेला शोधावा लागतो.

आपल्याकडे या आजाराला "तोंडावरून वारं गेलं" म्हणतात. वारं म्हटलं की उपाय सांगणारे उभेच. गरम वाळूचा शेक, कसली कसली तेलं, कबुतराचं रक्तसुद्धा. शस्त्रक्रियेनंतर त्या बाजूच्या कातडीला स्पर्श नीट कळत नसेल तर शेकाने भाजेल आणि समजणारही नाही. एवढं सांगून मी तो विषय सोडतो.

नस वाट पाहू शकते. डोळा पाहू शकत नाही. सगळ्या प्रकरणात खरा धोका इथे आहे आणि लोक नेमके गालाकडे बघत बसतात.

पापणी म्हणजे गाडीच्या काचेवरचा वायपर. तो बंद पडला की डोळ्यासमोरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, कोरडा पडतो, ओरखडे उठतात, व्रण होतो, आणि व्रणाचा डाग बसला की नजर जाते. गाल सहा महिन्यांनी सुधारेल, पण कॉर्नियावरचा डाग गालाबरोबर जाणार नाही. यातही फसवणूक अशी की डोळ्यातून पाणी वाहतं, त्यामुळे डोळा ओला आहे असं वाटतं. खालची पापणी लोंबल्यामुळे पाणी बाहेर सांडतं, डोळा आतून कोरडाच असतो. शिवाय सातवीच्या सोबतीने जाणारे बारीक तंतू अश्रू तयार करायला लावतात, तेही दुखावलेले असू शकतात.

म्हणून दिवसा कृत्रिम अश्रूंचे थेंब, तेही परिरक्षक नसलेले, डॉक्टर सांगतील तितक्या वेळा. मला सुरुवातीला दर तासाला होते. मोबाइलवर गजर लावला होता, सेंट्रीच्या पाळीसारखा. रात्री मलम. मलमाने धूसर दिसतं म्हणून ते झोपतानाच घालायचं. मग पापणी टेपने बंद करायची, आणि हे नर्सकडून हात धरून शिकून घ्या. नजर खाली, वरची पापणी हलकेच खाली ओढायची, पूर्ण मिटली याची खात्री करायची आणि मगच टेप. उघड्या डोळ्यावर कापसाची घडी ठेवून वर पट्टी मारणं सगळ्यात वाईट. आत डोळा उघडला की कापूस रात्रभर कॉर्नियावर घासत राहतो. गुलाबपाणी, मध, एरंडेल यातलं काहीही डोळ्यात घालू नका.

कोलकाता या डोळ्याला सोपं शहर नाही. हवा दमट आहे हे खरं, पण दमट म्हणूनच प्रत्येक छताला पंखा गरगरत असतो आणि प्रत्येक दुकानात एसीचा झोत तोंडावर येतो. चैत्र-वैशाखात कालबैशाखी येते, पाऊस पडायच्या आधी धुळीची भिंत अंगावर येते. संध्याकाळी घरोघर धुनो जाळतात, नारळाच्या शेंडीचा आणि राळेचा धूर. वास सुंदर, पण न मिटणाऱ्या डोळ्याला तो तिखटासारखा लागतो. मी पंखा पायाकडे वळवला, बाहेर जाताना कडेने बंद असलेला चष्मा लावला आणि डोक्यावरून आंघोळ करताना पोहण्याचा गॉगल. नातू व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "आजोबा, तुम्ही बाथरूममध्ये पोहता का?"

एक इशारा वेगळा सांगतो. गाठ मोठी असेल तर चेहऱ्याला स्पर्श कळवणारी पाचवी नसही दाबली गेलेली असते. मग कॉर्निया बधिर असतो आणि इजा झाली तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणजे ठीक आहे, हा नियम इथे लागू नाही. डोळा लाल झाला, उजेड सहन होईना, धूसर दिसायला लागलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ. कोलकात्यात मेडिकल कॉलेजच्या आवारात रीजनल इन्स्टिट्यूट ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजी आहे, तुमच्या गावी जो नेत्रतज्ज्ञ असेल तो. कमजोरी आली की पहिल्याच आठवड्यात एकदा तरी डोळा तपासून घ्यावा. लांबणार असं दिसलं तर पापण्यांच्या कडा थोड्या शिवून घेतात, किंवा वरच्या पापणीत ग्रॅमभर सोन्याचं किंवा प्लॅटिनमचं वजन बसवतात, म्हणजे पापणी आपल्याच भाराने मिटते. दोन्ही परत काढता येतं. ऐकायला भीती वाटते, काम मात्र मोलाचं.

जेवणाचं सांगतो. ढिल्या गालात घास साठतो आणि आपल्याला पत्ता नसतो. चांगल्या बाजूने चावायचं, घास लहान घ्यायचा, जेवणानंतर बोट किंवा ब्रश फिरवून गाल साफ करायचा, नाहीतर दात किडतात. आणि बंगालमध्ये राहणाऱ्यांसाठी खास सूचना, या काळात इलिश खाऊ नका. त्याचे केसासारखे काटे धडधाकट माणसाला सांभाळत नाहीत, तिथे अर्ध्या तोंडाने काय होणार! भेटकीचा बिनकाट्याचा तुकडा मागा. मासेवाला तुच्छतेने बघेल, बघू द्या. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल तर ती गालाची गोष्ट नाही, गिळण्याच्या नसांची असू शकते, डॉक्टरांना सांगा. काही दिवस चव धातूसारखी लागते, तीही बहुधा परतते.

बोलताना प, फ, ब, भ, म ही ओठांची अक्षरं घसरतात. मराठीत मी कसाबसा निभावत होतो, बंगालीत पंचाईत. आपण व म्हणतो तिथे हे लोक ब म्हणतात आणि अ म्हणतानासुद्धा ओठ गोल करतात. बाजारात "भालो" म्हणायला मला गालाला बोटाचा आधार द्यावा लागे. ती युक्ती चांगली आहे, आजारी बाजूचा गाल तळव्याने हलका उचलून धरला की शब्द स्पष्ट येतात.

व्यायामाबद्दल माझ्यासारख्या माणसाचा पहिला विचार असतो की जास्त कवायत म्हणजे लवकर सुधारणा. इथे उलटं आहे. चेहरा पूर्ण ढिला असताना जोर लावला की चांगली बाजूच ताकदवान होऊन तोंड आणखी ओढून नेते. फुगे फुगवा, च्युइंगगम चघळा, हे सल्ले मिळतील. ते सोडून द्या. विजेच्या झटक्यांबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, चेहऱ्याचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय करू नये. सुरुवातीला फक्त हलका मसाज आणि आराम. हालचाल परतायला लागली की आरशासमोर, अगदी लहान, दोन्ही बाजू सारख्या राहतील एवढीच हालचाल. हसू अर्धा सेंटिमीटर, त्यापुढे नाही.

कारण असं की परतणारे तंतू कधी कधी चुकीच्या स्नायूला जाऊन भिडतात. मग हसायला गेलं की डोळा मिटतो, जेवायला बसलं की डोळ्यातून पाणी येतं. याला सिंकायनेसिस म्हणतात. जोरजबरदस्तीच्या व्यायामाने ही सवय पक्की होते असं फिजिओथेरपिस्ट सांगतात. झालीच तर बोटॉक्सची छोटी इंजेक्शनं आणि शिस्तीचं पुनर्शिक्षण, दोन्हींचा उपयोग होतो.

प्रगती मोजायला हाऊस-ब्रॅकमन नावाची सहा पायऱ्यांची मोजपट्टी आहे, १९८५ पासून जगभर वापरतात. पहिली म्हणजे सामान्य चेहरा, सहावी म्हणजे काहीच हालचाल नाही. दोघांतले हाऊस म्हणजे जॉन हाऊस; १९६० च्या दशकात ही शस्त्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली आणणारे कानाचे सर्जन विल्यम हाऊस ते वेगळे. त्याआधी, १९१७ मध्ये हार्वे कुशिंग यांनी या गाठींवर ग्रंथ लिहिला तेव्हा रुग्णाचा जीव वाचला तरी पुष्कळ असं मानलं जाई, चेहऱ्याचा विचार नंतर. आज आपण चेहऱ्याबद्दल तक्रार करू शकतो हीसुद्धा प्रगतीच. आणि चेहऱ्याची नस ज्यांनी १८२१ मध्ये जगापुढे मांडली ते चार्ल्स बेल वॉटर्लूच्या लढाईतल्या जखमींवर उपचार करायला ब्रसेल्सला गेले होते. फौजेचा धागा असा कुठेही सापडतो.

मी दर रविवारी सकाळी त्याच खिडकीपाशी मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढायचो. कपाळ, डोळे हलके मिटणं, नाक मुरडणं, दात, ओठांचा चंबू. रोज आरशात काहीच बदलत नाही असं वाटतं. चार रविवार शेजारी ठेवले की दिसतं. माझी पहिली हालचाल पाचव्या आठवड्यात, नाकपुडीशेजारी, बायकोला दिसली, मला नाही. डॉक्टरलाही शब्दांपेक्षा हा व्हिडिओ जास्त सांगतो.

लोकांचं काय करायचं, हा प्रश्न औषधाच्या दुकानात सुटत नाही. आपल्या भाषेत तोंड वाकडं करणं म्हणजे नाराजी दाखवणं. माझं तोंड खरंच वाकडं होतं आणि समोरचा माणूस नकळत नाराजी वाचत होता. वॉचमन दोन दिवस घाबरून सलाम ठोकत होता. ज्या माणसाने आयुष्यभर चेहऱ्याने हुकूम दिले त्याला स्वतःचा चेहरा हुकूम मानत नाही हे सोसणं कठीण जातं. दोन आठवडे मी फोटोला, व्हिडिओ कॉलला, सकाळच्या फेरीला नकार दिला. मग बायकोने एक वाक्य पाठ करून घेतलं, "अपारेशन होयेछे, मुखेर नार्भ घुमोच्छे, शेरे जाबे." म्हणजे ऑपरेशन झालंय, चेहऱ्याची नस झोपलीय, बरी होईल. समोरच्याने विचारायच्या आधीच हे सांगून टाकायचं. कोलकात्यात कुठलाही आजार चौकाच्या अड्ड्यावर चर्चेला येतोच, मग माहिती आपलीच का नसावी? त्यात गेलेला कानही त्याच बाजूचा असतो. म्हणून अड्ड्यावर चांगला कान लोकांकडे येईल अशी खुर्ची आधी पकडायची, नाहीतर न ऐकल्यामुळे आणि न हसल्यामुळे आपण दुहेरी उर्मट ठरतो. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात गणपतीला गेलो तेव्हा मी भिंतीकडे डावी बाजू करून बसलो आणि आरतीला दोन्ही ओठांनी होतो.

मन फारच खचलं, झोप उडाली, कुणाला भेटूच नये असं आठवड्यामागून आठवडे वाटत राहिलं, तर तेही डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे. स्टेरॉइडमुळेही मन वर-खाली होतं. हॉलिवूडचा नट मार्क रफेलो याची हीच गाठ २००१ मध्ये काढली. चेहऱ्यावर ज्याचं पोट, त्याचा अर्धा चेहरा कित्येक महिने गेला होता. चेहरा परतला, कान परतला नाही, आणि तो अजून पडद्यावर आहे.

वाट पाहण्यालाही मुदत असते. काही महिने उलटूनही हालचालीची खूण नसेल तर ईएमजी नावाची स्नायूंची तपासणी करतात. वर्षभर काहीच आलं नाही, तर जिभेच्या किंवा चावण्याच्या स्नायूच्या नसेची शाखा चेहऱ्याच्या नसेला जोडण्याची शस्त्रक्रिया असते. ती फार लांबवता येत नाही, कारण दीड-दोन वर्षं हुकूम न मिळालेले स्नायू वाळून जातात. तेव्हा "होईल हळूहळू" म्हणत बसू नका, सहाव्या महिन्याची भेट आधीच ठरवून ठेवा. उशिरा आलेल्या कमजोरीत इथवर वेळ थोड्यांवरच येते, पण त्या थोड्यांनी तारीख चुकवू नये.

माझं म्हणाल तर अकराव्या आठवड्यात शिटी वाजली. बेसूर, पण वाजली. डोळा मिटतो, दमल्यावर डावी भुवई जरा मागे राहते, आणि तिखट खाल्लं की त्या डोळ्यातून एक थेंब येतो. आता पूजा जवळ आली आहे. गल्लीतल्या फुचकावाल्याला मी सांगून ठेवलंय, माझ्या फुचक्यात पाणी अर्धंच घाल. अख्खा फुचका एका घासात आणि ओठ बंद, हे अजून पूर्ण जमत नाही. सदरा मात्र मी आता पांढरा घालतो.